मोटर न्यूरॉन आजार : रुग्णाची ऊर्जेची गरज आणि पोषण – एक अभ्यास

सारांश :
मोटर न्यूरॉन आजारात रुग्णाची हालचाल क्रमाक्रमाने कमी होत जाते. हालचाल कमी झाली म्हणजे अन्नाची गरजही कमी झाली, असा समज त्यामुळे सहज होतो. प्रत्यक्षात या आजाराच्या अनेक रुग्णांत विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा वाढलेला आढळतो आणि त्याच काळात अन्न पोटात जाण्याचे मार्ग मात्र एकेक करून अडत जातात. या दुहेरी ओढीतून वजन घटते, आणि घटलेले वजन आयुर्मानावर परिणाम करते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप, ऊर्जेच्या गरजेचे गणित, उपलब्ध संशोधनाचे निष्कर्ष, मराठी घरातील आहाराच्या संदर्भात करावयाचे बदल आणि पोषणनलिकेचा निर्णय यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : मोटर न्यूरॉन आजार, ऊर्जाव्यय, अतिचयापचय, गिळण्यातील अडचण, पोषणनलिका.

१. प्रस्तावना :
फ्रेंच वैद्य ज्याँ-मार्तँ शार्को यांनी इ. स. १८६९ पासून पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एका दुर्धर आजाराचे सूक्ष्म निरीक्षण केले आणि १८७४ मध्ये त्याला 'अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस' असे नाव दिले. या नावाचा पहिला शब्द ग्रीक धातूंपासून बनलेला आहे. त्यातील 'अ' हा संस्कृतातील नकारार्थी 'अ' सारखाच आहे; 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'ट्रॉफी' म्हणजे पोषण. ज्यात स्नायूंचे पोषण थांबते तो आजार, असा त्याचा शब्दार्थ होतो. चेतातंतू सुकला की त्यावर अवलंबून असलेला स्नायू झिजतो, एवढाच अर्थ शार्को यांना अभिप्रेत होता. तथापि जवळजवळ सव्वाशे वर्षांनंतर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, पोषण हा शब्द या आजाराच्या संदर्भात अगदी सरळ अर्थानेही महत्त्वाचा ठरला. रुग्ण काय खातो, किती खातो आणि त्याचे वजन किती टिकते, यावर त्याचे आयुष्य काही अंशी अवलंबून असते, असे संशोधनातून पुढे आले.

या आजारावर आजही पूर्ण बरे करणारा उपचार उपलब्ध नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिल्युझोल हे औषध आयुर्मान काही महिन्यांनी वाढवते. त्यानंतर आलेली औषधेही मर्यादित उपयोगाची किंवा विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या थोड्या रुग्णांपुरतीच आहेत. अशा परिस्थितीत ज्या थोड्या गोष्टी रुग्ण व त्याचे कुटुंब यांच्या हाती राहतात, त्यांत आहाराचे स्थान वरचे आहे. म्हणूनच आहाराविषयीच्या चुकीच्या समजुतीची किंमतही मोठी असते.

२. आजाराचे स्वरूप :
मेंदूच्या बाह्यस्तरातून निघणाऱ्या व मस्तिष्कपुच्छ आणि मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत पोहोचणाऱ्या प्रेरक चेतापेशी ऐच्छिक हालचालींचे नियंत्रण करतात. या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होणे हे मोटर न्यूरॉन आजाराचे मूळ लक्षण होय. 'मोटर न्यूरॉन आजार' ही संज्ञा एका आजारसमूहासाठी वापरली जाते आणि ए.एल.एस. हा त्यातील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे. युरोपातील नोंदींनुसार दरवर्षी एक लाख लोकसंख्येमागे सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. लक्षणे सुरू झाल्यापासूनचे आयुर्मान बहुतेक रुग्णांत दोन ते चार वर्षांचे असते. मात्र त्याला अपवादही आहेत. अमेरिकी बेसबॉलपटू लू गेरिग यांचे निदान १९३९ मध्ये झाले व १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे निदान १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले.

भारतातही या समूहाचा एक वेगळा प्रकार नोंदवला गेला आहे. १९७० मध्ये मद्रास येथील वैद्यकतज्ज्ञांनी तरुण वयात सुरू होणाऱ्या व मंद गतीने वाढणाऱ्या एका प्रकाराचे वर्णन केले. हा प्रकार पुढे 'मद्रास मोटर न्यूरॉन आजार' या नावाने वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाला. अशा मंदगती प्रकारांत पोषणाचा प्रश्न वेगळ्या वेगाने उभा राहतो. पुढील विवेचन मुख्यतः ए.एल.एस.च्या रुग्णांना लागू आहे.

सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्णांत आजाराची सुरुवात जीभ, घसा व चेहरा यांच्या स्नायूंपासून होते. या स्नायूंचे नियंत्रण मस्तिष्कपुच्छातील व त्यालगतच्या चेताकेंद्रांकडे असते. बोलणे अस्पष्ट होणे आणि पाणी पिताना ठसका लागणे ही अशा रुग्णांतील आरंभीची लक्षणे होत. उरलेल्या रुग्णांत सुरुवात हातापायांतून होत असली, तरी पुढे बहुतेकांना गिळण्याची अडचण येतेच.

३. वजन घटण्याची कारणे :
रुग्णाचे वजन घटले की 'स्नायू झिजले, म्हणून वजन उतरले' असे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. स्नायूंबरोबर शरीरातील चरबीचा साठाही उतरत असेल, तर ऊर्जेचे जमाखर्च तुटीत आहे असा त्याचा अर्थ होतो. या तुटीमागील कारणांचे दोन गट पाडता येतात.

(अ) जमेच्या बाजूची घट : गिळण्याची अडचण हे पहिले कारण. घास तोंडात फिरवणे, तो मागे ढकलणे आणि श्वासनलिका झाकून अन्ननलिकेत सोडणे या क्रिया निरोगी माणसात नकळत होतात. रुग्णाला मात्र त्या प्रत्येक घासाला जाणीवपूर्वक कराव्या लागतात. जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू लागतो, स्नायू दमतात आणि पोट भरण्याआधी रुग्ण ताट बाजूला सारतो. दुसरे कारण हातांतील दुर्बलतेचे. घास तोंडापर्यंत नेता येत नसल्यामुळे रुग्ण भरवणाऱ्यावर अवलंबून राहतो आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून दोन घास कमी खातो. ठसका लागण्याची भीती, चारचौघांत लाळ गळण्याचा संकोच, बद्धकोष्ठता आणि मनाची खिन्नता ही आणखी काही कारणे होत. याखेरीज, काही रुग्णांत भूकच मंदावते असेही आढळले आहे.

(आ) खर्चाच्या बाजूची वाढ : हा भाग सामान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारा आहे. शरीर पूर्ण विश्रांत असतानाही हृदय, फुफ्फुसे, यकृत, मेंदू यांच्या कार्यासाठी ऊर्जा खर्च होत असते. स्नायूंचे वस्तुमान कमी झाले की हा खर्चही कमी व्हायला हवा. परंतु फ्रान्समधील दपोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून केलेल्या मापनांत निम्म्याहून अधिक रुग्णांचा विश्रांतकालीन ऊर्जाव्यय सूत्राने अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा अधिक आढळला. सरासरी वाढ सुमारे १४ टक्के होती. ऑस्ट्रेलियातील स्टाइन व सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात अधिक कडक निकष लावूनही ४१ टक्के रुग्णांत ही स्थिती दिसली. निरोगी तुलनागटात तिचे प्रमाण १२ टक्के होते. ज्यांच्यात हा खर्च वाढलेला होता, त्यांची कार्यक्षमता अधिक वेगाने घटली व आयुर्मानही कमी राहिले. या स्थितीला 'अतिचयापचय' म्हणता येईल.

अतिचयापचयाचे कारण अद्याप पूर्णपणे निश्चित झालेले नाही. स्नायूंतील सततचे सूक्ष्म स्फुरण, दुर्बल झालेल्या श्वसनस्नायूंना प्रत्येक श्वासासाठी करावे लागणारे जादा श्रम, पेशींतील तंतुकणिकांच्या कार्यातील बिघाड आणि मेंदूतील भूक व ऊर्जा यांचे नियंत्रण करणाऱ्या अधश्चेतकाचा सहभाग अशी कारणे मांडली जातात. रात्री मुखवट्याद्वारे श्वसनयंत्राचा आधार दिल्यावर ऊर्जाव्यय काहीसा उतरतो, या निरीक्षणावरून श्वसनश्रमाच्या कारणाला पुष्टी मिळते.

सारांश, बाहेरून निश्चल दिसणारे शरीर आतून विसावलेले असतेच असे नाही. 'दिवसभर बसूनच तर असतो, मग एवढे कशाला लागते?' या प्रश्नामागील तर्क निरोगी माणसाला लागू पडतो. या रुग्णाला तो लावणे घातक ठरू शकते.

४. ऊर्जेच्या गरजेचे गणित :
ऊर्जाव्यय मोजण्याची अचूक पद्धत म्हणजे रुग्णाने घेतलेला प्राणवायू व सोडलेला कर्बवायू मोजून त्यावरून हिशेब करणे. या पद्धतीची उपकरणे मोठ्या रुग्णालयांतही क्वचितच असतात. म्हणून सूत्रांचा आधार घेतला जातो. त्यातील १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हॅरिस व बेनेडिक्ट यांचे सूत्र वजन, उंची, वय व लिंग यांवरून विश्रांतकालीन खर्चाचा अंदाज देते. युरोपातील 'एस्पेन' या पोषणविषयक संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणखी सोपा आधार दिला आहे. त्यानुसार, मोजमापाची सोय नसेल तर स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णासाठी दर किलो वजनामागे दररोज सुमारे ३० किलोकॅलरी धराव्यात व हालचालीच्या प्रमाणानुसार त्यात फेरफार करावा.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. रुग्ण पुरुष, वय ५२ वर्षे, उंची १६५ सें.मी. व वजन ५५ किलो आहे असे मानू.

– हॅरिस-बेनेडिक्ट सूत्रानुसार विश्रांतकालीन खर्च : सुमारे १२९७ किलोकॅलरी.
– त्यात अतिचयापचयाची १४ टक्के वाढ धरल्यास : सुमारे १४७९ किलोकॅलरी.
– दर किलोमागे ३० या हिशेबाने दिवसाची एकूण गरज : १६५० किलोकॅलरी.

आता हा रुग्ण गिळण्याच्या त्रासामुळे दिवसाला १२०० किलोकॅलरीच घेऊ शकतो असे समजू. रोजची तूट ४५० किलोकॅलरी, तर महिन्याची १३,५०० किलोकॅलरी झाली. एक किलो चरबीत साधारणतः ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात असे धरले, तर महिन्याला सुमारे पावणेदोन किलो वजन उतरेल. म्हणजे मूळ वजनाच्या ५ टक्के घट, अर्थात पावणेतीन किलो, अवघ्या दीड महिन्याच्या आसपास पूर्ण होईल. प्रत्यक्षात घट एवढ्या सरळ रेषेत होत नाही आणि तीत स्नायूंचाही वाटा असतो. तरीही रोजची तूट किरकोळ वाटली तरी ती किती झपाट्याने साठत जाते, याची कल्पना या हिशेबावरून येते.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. आजार वाढतो तशी हालचालीवर खर्च होणारी ऊर्जा कमी होते, त्यामुळे एकूण गरज रुग्णागणिक व टप्प्यागणिक बदलते. केंटकी विद्यापीठातील कासार्स्किस व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हणूनच सूत्राला रुग्णाच्या कार्यक्षमतेच्या गुणांकाची जोड दिली. सूत्र ही केवळ सुरुवात असते. नियमितपणे पाहिलेले वजन हीच तिची खरी कसोटी होय. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी दर तीन महिन्यांनी पोषणस्थिती तपासण्याची शिफारस केली आहे. घरी वजनकाटा असल्यास त्याहून अधिक वेळा नोंद ठेवणे सहज शक्य आहे. उभे राहता न येणाऱ्या रुग्णाला उचलून घेणाऱ्या व्यक्तीसह वजन करून त्यातून त्या व्यक्तीचे वजन वजा करता येते.

५. वजन व आयुर्मान – संशोधनाचे निष्कर्ष :
दपोर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ५५ रुग्णांच्या अभ्यासातून असा निष्कर्ष मांडला की कुपोषित रुग्णांत मृत्यूचा धोका इतर रुग्णांच्या तुलनेत ७.७ पट होता. फ्रान्समध्येच मारँ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की निदानाच्या वेळी नेहमीच्या वजनात झालेल्या दर ५ टक्के घटीमागे मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. त्याच वर्षी अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या पागानोनी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात देहवस्तुमान निर्देशांक ३० ते ३५ असलेल्या रुग्णांचे आयुर्मान सर्वांत अधिक आढळले. त्याहून कमी व त्याहून अधिक निर्देशांक असलेल्यांचे आयुर्मान कमी होते.

या निष्कर्षांवरून 'वजन घटल्यामुळे आयुष्य घटते' असे सिद्ध होते काय? तर्कदृष्ट्या तसे म्हणता येत नाही. आजार मुळातच तीव्र असल्यामुळे वजनही घटते आणि आयुष्यही, अशी शक्यता उरते. तिचा निकाल लावण्यासाठी जादा ऊर्जा प्रत्यक्ष देऊन पाहणाऱ्या चाचण्या आवश्यक होत्या. अमेरिकेतील विल्स व सहकाऱ्यांनी नलिकेद्वारे पोषण घेणाऱ्या २४ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. पाच महिन्यांच्या काळात कर्बोदकयुक्त अधिक ऊर्जेचा आहार मिळालेल्या नऊ जणांपैकी एकाचाही मृत्यू झाला नाही; नेहमीच्या ऊर्जेचा आहार मिळालेल्या सात जणांपैकी तिघांचा झाला. मात्र रुग्णसंख्या इतकी लहान होती की हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. जर्मनीतील लुडॉल्फ व सहकाऱ्यांच्या २०२० च्या चाचणीत २०१ रुग्ण होते. एका गटाला रोजच्या आहाराखेरीज स्निग्धपदार्थांतून ४०५ किलोकॅलरी देण्यात आल्या. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही; नंतर केलेल्या विश्लेषणात आजार वेगाने वाढणाऱ्या रुग्णांना मात्र लाभ झाल्याचे संकेत मिळाले.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की वजन घटू देणे हे अपायकारक लक्षण आहे आणि ते रोखणे हे उपचाराचे रास्त उद्दिष्ट आहे. भरमसाट खाऊ घातल्याने आजार थांबेल, असा दावा मात्र उपलब्ध पुराव्यांतून करता येत नाही.

६. देहवस्तुमान निर्देशांक आणि भारतीय शरीर :
'एस्पेन'च्या शिफारशीनुसार देहवस्तुमान निर्देशांक २५ पेक्षा कमी असल्यास वजन वाढवावे, २५ ते ३५ च्या दरम्यान असल्यास ते स्थिर राखावे आणि ३५ च्या वर असल्यास कमी करावे. हे आकडे युरोपीय रुग्णांच्या अनुभवावर आधारलेले आहेत. ते भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लावण्यापूर्वी पुण्यातील एका सुपरिचित उदाहरणाचे स्मरण उपयुक्त ठरते. के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक सारखाच, २२.३ होता, परंतु याज्ञिक यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या या तुलनेने निर्देशांकाची मर्यादा स्पष्ट केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्येसाठी २३ व २७.५ हे जादा टप्पे सुचवले.

तात्पर्य, भारतीय रुग्णाच्या बाबतीत निर्देशांकाच्या एका आकड्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वजनात किती घट झाली, हा निकष अधिक विश्वसनीय ठरतो. वरील उदाहरणातील रुग्णाचा निर्देशांक सुमारे २०.२ येतो. एरवी या आकड्याला कोणी आजारी म्हणणार नाही, उलट 'शिडशिडीत' म्हणून कौतुकच होईल. परंतु एवढ्या वजनावर हा आजार सुरू झालेल्या माणसाजवळ गमावण्याजोगा साठा फारसा नसतो. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाने पूर्वीपासून तूप-साखर वर्ज्य केलेली असते. ते पथ्य आता कितपत चालू ठेवावे, याचा फेरविचार डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हायला हवा.

७. मराठी घरातील आहार आणि करावयाचे बदल :
आहारयोजनेचे सूत्र असे सांगता येईल : घास तेवढेच, पण प्रत्येक घासातील ऊर्जा अधिक, आणि पदार्थ असा की जो घशात अडकणार नाही व घशातून निसटणारही नाही. अतिशय पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतो आणि श्वासनलिका झाकली जाण्याआधीच तिच्यात शिरतो. म्हणून साधे पाणी हे अनेक रुग्णांना सर्वांत अवघड जाते. उलट कोरडा, भुगा होणारा पदार्थ जिभेवर विखुरतो. घन व द्रव यांचे मिश्रण असलेला पदार्थ तर दोन्ही प्रकारे त्रासदायक, कारण रस पुढे निघून जातो व दाणे मागे राहतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर पदार्थांच्या घट्टपणाचे ० ते ७ असे टप्पे ठरवण्यात आले आहेत. वाचा-उपचारतज्ज्ञ रुग्णाची गिळण्याची तपासणी करून योग्य टप्पा सांगतात.

या कसोटीवर घरातील नेहमीचे पदार्थ पाहिल्यास चिवडा, कोरडी भाकरी, फोडणीचे पोहे, शेवया, तसेच पातळ आमटीत कालवलेला मोकळा भात हे पदार्थ अडचणीचे ठरतात. साबुदाण्याची खिचडी चिकट असल्यामुळे विशेष जपून द्यावी किंवा टाळावी. याउलट मुगाच्या डाळीची गुरगुट्या खिचडी, तूप घातलेला मऊ भात व घोटलेले घट्ट वरण, नाचणीचे सत्त्व, दुधात शिजवलेला मऊसर रव्याचा शिरा, कुस्करलेल्या केळ्याचे शिकरण, श्रीखंड, घट्ट दही, मऊ पिठले आणि चालत असल्यास अंड्याची मऊ भुर्जी हे पदार्थ सहज गिळता येण्याजोगे करता येतात. पोळी-भाकरी आवडत असल्यास ती दुधात किंवा घट्ट वरणात पूर्ण भिजवून एकजीव करावी.

ऊर्जा वाढवण्यासाठी पदार्थाचे आकारमान वाढवण्याची गरज नसते. एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम तुपातून ४५ किलोकॅलरी मिळतात. दिवसभरात असे चार चमचे तूप भात-वरणात मुरवल्यास १८० किलोकॅलरींची भर पडते. म्हशीच्या २०० मि.ली. दुधातून २०० हून अधिक किलोकॅलरी मिळतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून ५०० हून अधिक किलोकॅलरी व बरीच प्रथिने मिळतात. मात्र भरड कूट घशात खरखरते व ठसका आणते, म्हणून ते लोण्यासारखे मऊ वाटून मगच दूध-केळ्यात मिसळावे. वरील उदाहरणातील ४५० किलोकॅलरींची तूट चार चमचे तूप, एक पेला म्हशीचे दूध आणि दोन चमचे मऊ वाटलेले शेंगदाणे एवढ्यातून भरून निघू शकते. प्रश्न महागड्या डब्याबंद पावडरींचा नसून घरात असलेल्या वस्तूंच्या नियोजनाचा आहे.

भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित छातीकडे झुकवलेली असावी, घास लहान असावा आणि आधीचा घास उतरल्याखेरीज पुढचा देऊ नये. जेवताना बोलावयास लावू नये. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे बरी पडतात. रिल्युझोल सुरू असल्यास ते जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावयाचे असते, हेही या वेळापत्रकात धरावे लागते. एकादशी, चतुर्थी, सोमवार असे उपवास हा अनेकांच्या आयुष्याचा भाग असतो. तथापि उपवासाचा दिवस म्हणजे या रुग्णाच्या बाबतीत तुटीचा दिवस होय. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची रीत घराघरांत असतेच. तिचा आधार येथे निःसंकोच घ्यावा.

८. पोषणनलिकेचा निर्णय :
तोंडावाटे पुरेसे अन्न जाईनासे झाले की पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नलिका बसवण्याचा पर्याय उरतो. ही नलिका म्हणजे अखेरची घटका, असा ग्रह असल्यामुळे कुटुंबे हा निर्णय पुढे ढकलत राहतात. तो ढकलण्यातच धोका आहे. नलिका बसवताना रुग्णाला काही काळ आडवे झोपवावे लागते व गुंगीचे औषध द्यावे लागते. श्वसनस्नायू आधीच फार दुर्बल झालेले असतील तर हाच छोटा उपाय जोखमीचा होतो. म्हणून जोराने सोडलेल्या श्वासाची क्षमता अपेक्षित प्रमाणाच्या ५० टक्क्यांखाली जाण्याआधी नलिका बसवावी, असा संकेत रूढ आहे. ब्रिटनमधील २४ केंद्रांतील ३४५ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या वेळच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक वजन गमावल्यानंतर नलिका बसवलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळले. म्हणून घट ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच विचार व्हावा, असे त्या संशोधकांनी सुचवले. याच अभ्यासातील दुसरी बाब तितकीच बोलकी आहे : नलिका बसवल्यानंतर तीन महिन्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे वजन तरीही घटलेले होते. म्हणजे नलिका हे केवळ साधन आहे. तिच्यातून किती ऊर्जा जाते, याचा हिशेब नंतरही ठेवावाच लागतो.

नलिका बसवली तरी तोंडाची चव बंद होत नाही. गिळणे सुरक्षित असेपर्यंत आवडीचा एखादा पदार्थ तोंडाने घेता येतो, आणि पोट भरण्याची चिंता मिटल्यामुळे तो घास अधिक निवांतपणे घेतला जातो. मात्र अंतिम निर्णय रुग्णाचाच असतो. बहुतेक रुग्णांची समज अखेरपर्यंत शाबूत राहते. वाचा गेली म्हणजे विचार गेला असे नव्हे. वाचा स्पष्ट असतानाच, म्हणजे आजाराच्या आरंभीच्या काळात, या विषयावर रुग्णाशी मोकळेपणाने बोलणे आणि त्याने नलिका नाकारल्यास त्या नकाराचाही आदर करणे, हे वैद्यकीय तसेच नैतिकदृष्ट्या उचित होय.

९. पूरक द्रव्यांविषयी :
असाध्य आजारात पूरक द्रव्यांचा बाजार सहज फोफावतो. क्रिएटिन या लोकप्रिय द्रव्याच्या नियंत्रित चाचण्यांत लाभ आढळला नाही. 'ई' जीवनसत्त्वानेही आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. 'बी-१२' जीवनसत्त्वाचे मिथाइलकोबालामिन हे रूप अतिशय मोठ्या मात्रेत इंजेक्शनद्वारे दिल्यास आरंभीच्या टप्प्यातील रुग्णांत कार्यक्षमतेची घट मंदावते, असे जपानमधील २०२२ च्या चाचणीत आढळले व २०२४ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. परंतु तो औषधोपचार आहे. दुकानात मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळीला तो निष्कर्ष लागू होत नाही. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने अशा द्रव्यांवर होणारा खर्च दूध, तूप, अंडी व एक वजनकाटा यांवर करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

१०. निष्कर्ष :
१) मोटर न्यूरॉन आजारात हालचाल घटते म्हणून ऊर्जेची गरज त्याच प्रमाणात घटते, हे गृहीत चुकीचे आहे. अनेक रुग्णांत विश्रांतकालीन ऊर्जाव्यय वाढलेला असतो.
२) वजनातील घट ही अटळ म्हणून सोडून देण्याची बाब नसून दखल घेण्याची व शक्य तेवढी रोखण्याची बाब आहे. नेहमीच्या वजनात ५ टक्के घट ही इशाऱ्याची रेषा मानावी.
३) भारतीय रुग्णाच्या बाबतीत निर्देशांकापेक्षा त्याच्या स्वतःच्या वजनाची नियमित नोंद अधिक उपयुक्त आहे.
४) घरच्या पदार्थांचा पोत बदलून व त्यांतील ऊर्जा वाढवून बरीचशी तूट कमी खर्चात भरून काढता येते.
५) पोषणनलिकेविषयीचा विचार श्वसनशक्ती टिकून असतानाच व्हावा आणि तो रुग्णाच्या संमतीनेच व्हावा.

या आजारापुढे वैद्यकशास्त्राचे हात आज बऱ्याच अंशी बांधलेले आहेत. परंतु रुग्णाच्या पुढ्यातील वाटी भरलेली ठेवणे हे अजूनही घरच्यांच्या हातात आहे. काळजीपोटी ती वाटी लहान करण्याऐवजी, समजून घेऊन ती अधिक कसदार करणे हेच खरे पथ्य होय. गृहविज्ञान, जीवशास्त्र व समाजकार्य या विषयांच्या अध्यापकांनी हे ज्ञान वर्गातून विद्यार्थ्यांपर्यंत नेल्यास ते अनेक घरांत वेळेवर पोहोचू शकेल.